चोचीतली सापसुरळी

रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. यंदाच्या आमरसाचा बहुधा शेवटचा रविवार. जेवणं झाली, बडीशेप झाली, आणि भाच्याने लॅपटॉप उघडून सगळ्यांना समोर बसवलं. भाचा म्हणजे ताईचा धाकटा. नोकरीला लागून तीन वर्षं झाली, लग्नाचं अजून नाव नाही, त्यामुळे पगार जातो तो लेन्समध्ये. त्याच्या लेन्सची किंमत ऐकून मागच्या दिवाळीत आईने "एवढ्यात मी दोन मुलींची लग्नं केली" असं म्हणून घेतलं होतं. असो.

तर तो मागच्या पावसाळ्यातले कोकणातले फोटो दाखवत होता. तिबोटी खंड्या. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा पक्षी चिमणीपेक्षाही लहान, चोचीसकट जेमतेम पाच इंच. पोट पिवळं-केशरी, डोक्यावर जांभळी झाक, पाठ गडद निळी, चोच लालभडक. कुणा लहान मुलाने खोक्यातले सगळे रंग एकाच चित्रात वापरावेत तसा. इतर खंड्यांना पायाला चार बोटं, याला तीन, म्हणून तिबोटी. पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, ओहोळाच्या काठच्या दरडीत बीळ कोरून पिल्लं वाढवतो.

भाच्याच्या फोटोत तो शेवाळ धरलेल्या एका वाकड्या काडीवर बसला होता आणि चोचीत आडवी धरलेली सापसुरळी होती. सापसुरळीचा डोळासुद्धा स्वच्छ दिसत होता. सगळे "अहाहा" म्हणाले. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू, फोटो सुंदरच होता.

मग मी विचारलं, "घरटं किती लांब होतं रे?"

"समोरच, मामा. काडीपासून आठ-दहा फूट."

"आणि तू?"

"हाईडमध्ये. आम्ही सहाजण होतो."

"आणि हा असा किती वेळ बसला होता?"

"वीस मिनिटं!" भाच्याचा चेहरा उजळला. "म्हणून तर एवढ्या फ्रेम मिळाल्या. नाहीतर हा एका जागी थांबतो कुठे! या जुलैत तू पण चल. माझे आगाऊ पैसे भरून झालेत, तुझेही भरतो."

त्यानंतर मी जे बोललो त्याने ताईच्या आमरसाची पार चव घालवली. भाचा लॅपटॉप मिटून आत गेला. ताई म्हणाली, "तुझं हे नेहमीचंच. एकदम टोकच गाठायचं." परत येताना रिक्षात बायको काही बोलली नाही, म्हणजे तिचंही मत तेच होतं.

माणूस चिडला की मुद्दा बाजूला राहतो आणि नुसता आवाज उरतो. म्हणून तिथे नीट बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. ताई हे वाचणार, भाचा वाचणार, आणि तुमच्यापैकी गळ्यात कॅमेरा असलेले निम्मे लोक वाचणार. चिडलात तर चिडा, पण शेवटपर्यंत वाचून चिडा.

त्या वीस मिनिटांपासूनच सुरुवात करू. खंड्या स्वतःसाठी भक्ष्य पकडतो तेव्हा ते फांदीवर दोन-चारदा आपटतो आणि गिळून टाकतो. कारभार आटोपला. चोचीत सापसुरळी धरून तो बसून राहतो याचा अर्थ ती त्याच्यासाठी नाहीच. ती बिळातल्या पिल्लांसाठी आहे. मग तो देत का नाही? कारण बिळाच्या समोर सहा माणसं, सहा कॅमेरे आणि हिरव्या कापडाचा तंबू आहे, आणि एवढ्यांच्या देखत बिळात शिरणं म्हणजे घराचा पत्ता सांगणं. म्हणून तो थांबतो. मान वरखाली करतो, शेपूट झटकतो. भाच्याने व्हिडिओही काढलाय, त्यात हे स्वच्छ दिसतं. ताईच्या घरी सगळे म्हणाले, "बघ कसा नाचतोय!" अहो, नाचत नाहीये तो. दारात अनोळखी माणसं उभी दिसली की पिशवी हातात घेऊन जिन्यातच घुटमळणाऱ्या बाईसारखी त्याची अवस्था आहे.

तेव्हा चोचीतल्या भक्ष्याचा फोटो म्हणजे पिल्लाला अजून न मिळालेल्या घासाचा फोटो. पक्षी जितका जास्त वेळ थांबेल तितक्या आपल्याला फ्रेम जास्त, आणि पिल्लं तितका वेळ उपाशी. आपल्या आनंदाचं आणि त्यांच्या भुकेचं माप एकच, वीस मिनिटं. हे एकदा लक्षात आलं की तो फोटो पहिल्यासारखा बघता येत नाही. निदान मला तरी येत नाही.

आणि हे एकदा नव्हे. सकाळी सहाजण, दुपारी सहाजण. उद्या दुसरे. बिळात पिल्लं असतात ती जेमतेम तीन आठवडे. म्हणजे त्यांच्या सगळ्या बालपणभर दारात रांग.

आता ती शेवाळ धरलेली काडी. मला वाटलं होतं ती तिथे उगवलेलीच असावी. भाच्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितलं, की ती नेणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी आणून रोवली. पक्षी नेहमी बसायचा ती फांदी "मेसी" होती, मागे पानांची गर्दी होती, म्हणून ती काढून टाकली. आता त्याला बसायला दुसरी जागाच नाही, म्हणून तो बरोबर आपल्याला हवा तिथे बसतो. प्रकाश बरोबर, मागचा हिरवा रंग बरोबर. आणि खाली भाच्याने काय लिहिलंय? "नैसर्गिक अधिवासात टिपलेला." अरे बाबा, अधिवास कुठला त्यात? फोटो काढायच्या स्टुडिओत लहान मुलांना चंद्रकोरीवर बसवायचे, त्या चंद्रकोरीला कुणी आकाश म्हणत नसे.

त्या दिवशी भाच्याने मला जे उत्तर दिलं ते बहुतेकांच्या तोंडी असतं. "मामा, आम्ही काय शिकार करतो का? फोटोच काढतो ना?"

या वाक्याची गंमत अशी की कायद्याला ते मान्य नाही. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार या शब्दाची व्याख्या दिलेली आहे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत त्या व्याख्येत अंड्यांना इजा करणं तर आहेच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. प्राण्याला हाकणं आणि आमिष लावणं हे शब्दही त्याच व्याख्येत आहेत. आपल्याकडचे बहुतेक सगळे पक्षी या कायद्याच्या परिशिष्टांत येतात. भाच्याला पोलिसात द्यावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच, की "फोटोच तर काढतो" असं आपण म्हणतो तेव्हा पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्या माणसांनी आपल्यापेक्षा पुढचा विचार करून ठेवला होता.

दुसरं उत्तर जरा जाणकार मंडळी देतात. जगातले मोठमोठे पक्षी-छायाचित्रकार घरट्यावरच तर फोटो काढत आले, मग आम्हीच काय पाप केलं?

मुद्दा खरा आहे. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कर्टन हे भाऊ होते. त्यांनी १८९२ मध्ये घरट्याचा फोटो काढला, आणि १८९५ मध्ये ब्रिटनमधल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर त्यांचं पुस्तक आलं, सगळी चित्रं म्हणजे जागेवर जाऊन काढलेले फोटो. पुढे या भावांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात शिरून फोटो काढले. एरिक हॉस्किंग नावाच्या माणसाचा १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाने डोळा फोडला, तरी त्याने पुढे आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढले. आपल्याकडे सलीम अलींचे मित्र लोक वान थो झाडांच्या उंचीचे मचाण बांधून घरट्यांचे फोटो काढत. या माणसांबद्दल मला आदरच आहे.

पण ते घरट्यावर का जायचे ते बघा. त्या काळचा कॅमेरा जड, काच किंवा फिल्म मंद, लेन्स आखूड. उडत्या, फिरत्या पक्ष्याचा फोटो निघणं जवळपास अशक्य. पक्षी एका ठरलेल्या जागी परत परत येईल, माणसाला आधीच नेम धरून बसता येईल, अशी खात्रीची जागा एकच, ती म्हणजे घरटं. घरट्यावर जाणं ही त्यांची नड होती. शिवाय त्या काळी पक्ष्यांची अंडी गोळा करायचा शौक होता, नमुना म्हणून पक्षी गोळीने पाडायची रीत होती. त्या मानाने फोटो काढणारा माणूस म्हणजे संतच. आणि पक्षी पिल्लांना काय भरवतो, कसा भरवतो, हे त्या फोटोंमुळेच लोकांना पहिल्यांदा दिसलं. हॉस्किंगसारखे लोक तंबू एकदम घरट्याला भिडवत नसत. लांब उभा करायचा, पक्षी सरावला की थोडा पुढे, असं कित्येक दिवस चालायचं.

आता भाच्याची बॅग उघडा. सहाशे मिलिमीटरची लेन्स. सेकंदाला वीस फ्रेम. पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून त्यावर फोकस धरणारा कॅमेरा. ढगाळ संध्याकाळीसुद्धा चालेल असा सेन्सर. म्हणजे ज्या अडचणीमुळे ते लोक घरट्यावर गेले ती अडचण संपली. तिबोटीही ओहोळावर, झुडपात, कुठेही टिपता येईल, फक्त त्यासाठी चार पावसाळे भिजावं लागेल. नड गेली, सवय राहिली. आणि त्यांनी जे कष्ट घेतले, ते दिवसचे दिवस तंबू सरकवणं, ते मात्र आपण सोयीस्कर गाळलं. आपल्याकडे वेळ शनिवार-रविवारचा.

आणि नवीन काय कळतं त्यातून? तिबोटी पिल्लांना सापसुरळी, खेकडा, बेडूक भरवतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. भाच्याच्या सहाजणांकडे त्याच काडीवरचा, त्याच सापसुरळीचा, तोच फोटो आहे. मी सगळे पाहिले. कुणाचा कुठला हे नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

आता कॅमेऱ्याच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर ताई म्हणेल टोक गाठलं. आपल्या सातपुड्यातल्या रानपिंगळ्याची गोष्ट कित्येकांना ठाऊक असेल. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने मिळालंच नव्हतं. मधे १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, तोही चोरीचा आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला. लोकांनी पक्षी संपला असं धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं शोधत आले आणि शहाद्याजवळच्या जंगलात तो त्यांना दिसला, एकशे तेरा वर्षांनी. पुरावा काय? त्यांनी तिथे घेतलेले फोटो आणि व्हिडिओ. शंभर वर्षांपूर्वी हाच शोध लागता तर पुराव्यासाठी पहिला पक्षी बंदुकीने पाडला असता. कॅमेऱ्याने बंदुकीचं काम संपवलं, याहून मोठं काम कॅमेऱ्याने दुसरं कुठलं करायचं? म्हणूनच तोच कॅमेरा बंदुकीसारखा वापरलेला बघवत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात अवघड आहे, म्हणून ते टाळत नाही. "स्थानिक पोरांना रोजगार मिळतो." मिळतो, खरंच मिळतो. ज्या गावात पूर्वी पोरगा मुंबईला जाऊन कुठल्यातरी इमारतीच्या दारावर बसायचा, तो आज गावात राहून पक्षी दाखवून चार पैसे कमावतो. ओहोळाच्या काठची झाडं तुटली तर आपलं गिऱ्हाईक जाईल हे त्याला कळतं. यावर नाक मुरडण्याचा अधिकार पुण्यात पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या मला नाही.

पण त्या पोराला काडी रोवायला कुणी शिकवलं? पक्षी कुठल्या वेळी कुठल्या फांदीवर येतो हे त्याला आजोबांपासून माहीत. "मागची पानं काढ, काडी जवळ आण, पक्षी इकडे तोंड करून बसला पाहिजे" ही मागणी आपली. आपण पैसे फोटोचे देतो, पक्षी बघण्याचे देत नाही. फोटो नाही मिळाला तर "ट्रिप फुकट गेली" म्हणतो. मग तो काय करणार? तो पोटासाठी करतो. आपण कशासाठी करतो? उद्या आपणच म्हणालो, की घरट्यावर नेऊ नकोस, ओहोळाने चालव, दिसेल तो पक्षी दाखव, पैसे तेवढेच देतो, तर तो आनंदाने नेईल. त्याचे कष्ट वाचतील. म्हणजे रोजगार आड येत नाही, आपला हट्ट आड येतो.

हीच गोष्ट भिगवणला. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात. उथळ पाण्यात माना खाली घालून चिखल गाळत असतात, आणि त्यांच्या दिवसाचा बराचसा वेळ त्या गाळण्यातच जातो. नाव पुढे जाते, आणि नावेतला कुणीतरी हमखास म्हणतो, "जरा उडव की! पंख लाल दिसतात!" नाव आणखी पुढे जाते, थवा उठतो, खटाखट फोटो निघतात. अर्ध्या तासाने दुसरी नाव. मी एकदा मुद्दाम नावाड्याला म्हटलं, लांबच थांबव, इंजिन बंद कर, आपण नुसते बसू. त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, हा पैसे परत मागणार की काय म्हणून. मग बंद केलं. पाऊण तास बसलो. थवाच हळूहळू चरत आमच्या बाजूला सरकला. नावाडी म्हणाला, "साहेब, असं कुणी बसतच नाही हो." कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या फेकून नावेभोवती घिरट्या घालायला लावतात, त्याबद्दल आज लिहीत नाही. गाठ्या हे कुरवाचं अन्न नव्हे एवढं सांगायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही.

आवाजाचंही तसंच. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत्येक पक्ष्याचा आवाज आहे. ओळखायला उत्तम सोय, मीही वापरतो. पण विणीच्या दिवसांत नराचं गाणं जंगलात मोठ्याने वाजवलं की तिथल्या नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो हातातलं काम टाकून भांडायला येतो, फांदीवर छाती फुगवून ओरडतो, आणि आपण त्याला "काय सुंदर पोज दिली" म्हणतो. समोर शत्रू नाहीच. अर्ध्या तासाने दुसरा ग्रुप येतो, पुन्हा तोच न दिसणारा शत्रू. आपल्या दारावरची बेल दिवसातून वीस वेळा वाजवून कुणी पळून गेलं तर आपण सोसायटीची मीटिंग बोलावतो.

"पण पक्ष्यांना सवय होते, मरत थोडेच!" हे चौथं उत्तर. काहींना होतही असेल. बसस्टँडच्या पाटीमागे साळुंकी पिल्लं वाढवते, तिला तुमच्याआमच्याशी देणंघेणं नाही. दर वेळी पिल्लं मरतातच असंही मी म्हणत नाही. मी म्हणतो ते वेगळंच. मरतात की जगतात हे फोटो काढणाऱ्याला कळतच नाही. तो दोन तासांनी मिसळ खायला गेलेला असतो. घरट्यापर्यंत आपण जी पायवाट पाडली, जी पानं बाजूला केली, तिचा फायदा नंतर कोण घेतो हे बघायला तो तिथे नसतो. कावळा असतो. मुंगूस असतं. साप असतो.

मला हे कसं माहीत? एकदा मी तिथे होतो म्हणून.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. २००३ सालची गोष्ट. मी नवा नवा कॅमेरा घेतला होता, फिल्मचा, रोलमध्ये छत्तीस फोटो. आईकडे परसात अंजिराचं झाड होतं आणि त्यात शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं होतं. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढा जीव, पानाच्या कडांना भोकं पाडून कापसाने, कोळिष्टकाने टाके घालतो आणि त्या द्रोणात पिल्लं वाढवतो. घरट्यावर एक मोठं पान छत्रीसारखं आलेलं होतं. त्यामुळे आत अंधार, फोटो काळे येणार. मी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि ते पान मागे ओढून फांदीला बांधलं. मोडलं नाही हं, बांधलं. मी काळजी घेतोय असंच मला वाटत होतं.

काय ऊन आलं आत! तीन पिल्लं, तीन उघड्या चोची, आणि काठावर आई, चोचीत हिरवी अळी. ती बराच वेळ काठावर थांबली होती. मला तेव्हा वाटलं, किती गुणी पक्षी, फोटोसाठी थांबतोय. अख्खा रोल संपवला. संध्याकाळी पाहुणे आले, त्या गडबडीत दोरा सोडायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. कावळा समोर तारेवर बसला होता. शिंपी आणि शिंपीण दिवसभर त्या झाडात ओरडत फिरत होते, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणत होती, "आज काय झालंय या पाखरांना?" मी दोरा सोडून खिशात टाकला. कावळ्याने तसंही नेली असती कदाचित. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की ते आता पाठ झालंय. पण मी पान बांधलं होतं, आणि पान बांधल्यावर त्यांना वरून कावळ्याला दिसण्यापासून वाचवणारं काही उरलं नव्हतं, हे त्या वाक्याने बदलत नाही.

रोल धुऊन आला. त्यातला एक फोटो अप्रतिम आला होता. सगळे म्हणाले मोठा कर. मोठा केला. ताईच्या वास्तुशांतीला तोच फ्रेम करून दिला. ताईच्या दिवाणखान्यात सोफ्यावर आज वीसहून जास्त वर्षं लटकतोय तो फोटो, आणि ताई येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "माझ्या भावाने काढलाय." भाचा त्या फोटोखाली खेळत मोठा झाला. त्याच्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी तो मला म्हणाला होता, "मामा, मला तसा फोटो काढायचाय."

काढला त्याने. चोचीत अळीच्या जागी सापसुरळी, एवढाच फरक. रविवारी मी ओरडलो तो त्याच्यावर नव्हतो ओरडलो, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

तेव्हा मंडळी, आता तुमच्याकडे एक मागणं. घरट्याचा फोटो काढू नका हे तर आहेच. तुम्ही संशोधक असाल, वनखात्याची रीतसर परवानगी असेल, तर गोष्ट वेगळी. पण तुमच्यातले बरेचजण कॅमेरा हातात धरत नाहीत, आणि तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध. तुमचाच जास्त आहे. असा फोटो दिसला की खाली "अप्रतिम!", "शब्द नाहीत!" असं लिहिता ना, ती वाहवा हीच मागणी आहे. मागणी आहे म्हणून ग्रुप आहे, ग्रुप आहे म्हणून हाईड आहे, हाईड आहे म्हणून काडी आहे. पुढच्या वेळी "अप्रतिम"च्या ऐवजी एकच प्रश्न लिहा : घरटं किती लांब होतं? बाकी काही बोलू नका. भांडू नका, माझ्यासारखे ओरडू तर मुळीच नका. स्पर्धा भरवणाऱ्यांनी आणि ग्रुप चालवणाऱ्यांनी हा एक रकाना अर्जात घातला तरी पुष्कळ होईल. आणि घरट्याची जागा, गाव, ओहोळाचं नाव कुणालाही सांगू नका. ईबर्डसारखं पक्षीनोंदीचं संकेतस्थळसुद्धा काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लपवून ठेवतं. आपण मात्र फोटोखाली नकाशा लावतो.

ताई, तो फोटो भिंतीवरून उतरव. फेकू नकोस, मला परत दे. मोकळ्या जागी दुसरं काय लावायचं ते मी सांगणार नाही, मला आता तो अधिकार नाही.

आणि भाच्या, जुलैचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नसतील तर माझ्याकडून घे. खरंच सांगतोय. त्याच शनिवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये, तुझी लेन्स घेऊन. माझ्या जुन्या गाडीतून सुप्याकडच्या माळावर जाऊ. पावसाने गवत आलं असेल, चंडोल गात असतील. काचा खाली करून गाडीतच बसायचं, उतरायचं नाही. माळावर गाडीइतकं चांगलं हाईड नाही, पक्षी तिला दगड समजतात. मात्र टिटवी ओरडायला लागली की आपण तिच्या अंड्यांच्या जवळ आलो असं समजायचं आणि गाडी पुढे घ्यायची, फोटो मिळो न मिळो. थर्मासमध्ये चहा मामी देईल. तिने हे वाचल्यावर माझ्याशी बोलणं ठेवलं, तर.